रेघ, दंड आणि रिकामा रकाना : ओळ कुठे तोडायची याचा इतिहास

‘शेतावरजाऊनये’ ही ओळ एखाद्या जुन्या चिठ्ठीत सापडली, तर तिचा अर्थ काय लावायचा? ‘शेतावर जाऊ नये’ की ‘शेतावर जाऊन ये’? अक्षरे तीच, क्रमही तोच. एका ठिकाणी तोडली तर मनाई होते, दुसऱ्या ठिकाणी तोडली तर हुकूम. ओळ नेमकी कुठे तोडायची, हा प्रश्न खानदेशातल्या शिलालेखापासून आजच्या संगणकातल्या आज्ञावलीपर्यंत अखंड चालत आलेला आहे. त्या प्रश्नाचा हा धागा असोद्यापासून सुरू होतो.

जळगावला लागून असलेले असोदा हे गाव बहिणाबाई चौधरींचे माहेर. 1880 साली महाजनांच्या घरात जन्मलेली ही मुलगी विवाहानंतर जळगावच्या चौधरींकडे आली. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात, चुलीपाशी, जात्यावर ती ओव्या रचीत गेली आणि त्या तिच्या कंठातच राहिल्या. तिचे पुत्र, कवी सोपानदेव चौधरी आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी त्यांतल्या काही रचना ऐकून टिपल्या. 3 डिसेंबर 1951 रोजी बहिणाबाई गेल्या आणि पुढच्याच वर्षी, 1952 मध्ये, आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह त्या गाण्यांचे पुस्तक झाले.

आता क्षणभर त्या टिपणाऱ्या हाताचा विचार करावा. कानावर येतो तो सलग आवाज. त्यात ओळ नसते, स्वल्पविराम नसतो, कोरी जागा नसते. मग कागदावर चरण कुठे संपवायचा? इथे मौखिक परंपरेची एक जुनी युक्ती कामी येते. बहिणाबाईंच्या कित्येक रचना अष्टाक्षरी चरणांच्या आहेत. ऱ्हस्व असो वा दीर्घ, प्रत्येक अक्षर एक मोजायचे आणि आठ भरले की चरण पुरा. सीमा दाखवणारे चिन्हच लागत नाही, मोजणी हीच सीमा ठरते. यमक त्या मोजणीचा ताळा करून देते. निरक्षर स्त्रीच्या गाण्यात ही शिस्त इतकी पक्की होती, की लिहून घेणाऱ्याला ओळी नव्याने शोधाव्या लागल्या नाहीत, त्या गाण्यातच होत्या.

मोजून तोडणे हा एक मार्ग झाला. दुसरा मार्ग खूण करून तोडण्याचा, आणि त्याचा खानदेशी पुरावा दगडात आहे.

चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेख शके 1128 मधला, म्हणजे इसवी सनाच्या तेराव्या शतकाच्या अगदी आरंभीचा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या सिद्धान्तशिरोमणीसारख्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला आणि निकुंभ घराण्यातील सोन्हदेवाने त्याला दान दिले, हा त्याचा विषय. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी 1865 मध्ये तो अभ्यासकांसमोर आणला. लेखाचा बहुतेक भाग संस्कृत श्लोकांत आहे, अखेरीस मात्र त्या काळची मराठी येते आणि मठाला कशातून काय मिळावे याची यादी सांगते. अशा कोरीव लेखांत शब्दाशब्दांत जागा सोडण्याचा प्रघात नव्हता. अर्धा श्लोक संपला की उभा दंड, पूर्ण झाला की दोन दंड. दगड महाग आणि छिन्नीचे श्रम त्याहून महाग, त्यामुळे कोऱ्या जागेची चैन परवडण्यासारखी नव्हती. हे केवळ इकडचे वैशिष्ट्य नव्हे. युरोपातही लॅटिन सलगच लिहीत. शब्दांमध्ये नियमाने जागा सोडण्याची रीत सातव्या-आठव्या शतकांच्या सुमारास आयर्लंडच्या मठांतून पसरली, कारण तिथल्या भिक्षूंची मातृभाषा लॅटिन नव्हती आणि परक्या भाषेतला शब्द कुठे संपतो हे त्यांना डोळ्यांनी दिसावे लागे.

तिसरा मार्ग सर्वांत धाडसी : खूणच करायची नाही. तो मार्ग मोडी लिपीचा.

मोडीचे जनकत्व परंपरेने यादवांचा मंत्री हेमाडपंत याला दिले जाते. ते कितपत खरे, हा वाद बाजूला ठेवू. लेखनाची पद्धत मात्र निर्विवाद आहे. लेखक आधी कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सलग शिरोरेघ ओढी आणि मग बोरू फारसा न उचलता त्या रेघेखाली अक्षरे टांगीत जाई. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, विरामचिन्हे नाहीत, दोन शब्दांत जागा नाही. शिरोरेघ आधीच अखंड ओढलेली असल्याने शब्द तुटल्याची खूण करायला तीही उपयोगी पडत नाही. बाळबोध देवनागरीत शब्द संपला की वरची रेघ तुटते. मोडीत ती ओळीच्या अखेरपर्यंत तशीच धावते.

ही निष्काळजी नव्हती, हिशेब होता. दरबारात, चावडीवर, पेढीवर लिहिणारा रोज ढीगभर मजकूर उतरवी आणि वाचणारा त्याच व्यवहारातला जाणता असे. पत्राचा मायना ठरलेला, वसुलीच्या बाबी ठरलेल्या, वाक्यांचे साचे ठरलेले. सीमा कागदावर नव्हत्या, वाचकाच्या डोक्यात होत्या. लिहिणाऱ्याचे श्रम वाचले, वाचणाऱ्यावर भार पडला, आणि तो भार पेलणारी माणसे जोवर होती तोवर हा सौदा फायद्याचाच राहिला.

मोडीच्या संदर्भात ‘ध चा मा’ ही कथा हटकून सांगितली जाते : ‘धरावे’चे ‘मारावे’ झाले आणि 1773 मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून पडला. कथा म्हणून ती प्रभावी आहे, परंतु तिच्यात कोणी तरी हेतुपुरस्सर अक्षर बदलते. सीमेच्या चुकीला खलनायक लागत नाही. ‘जाऊनये’मधले एकही अक्षर कोणी बदललेले नसते.

विसाव्या शतकाच्या मध्यास शाळांतून मोडी गेली आणि तिच्याबरोबर तो जाणता वाचकही विरळ झाला. त्याची किंमत 2023 मध्ये सर्वांना दिसली. कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, जुनी दप्तरे उघडली आणि मोडी वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. एखाद्या कुटुंबाचे जातप्रमाणपत्र शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका सलग ओळीवर अवलंबून होते. त्या ओळीत नाव कुठे संपते आणि जात कुठे सुरू होते, हा आता केवळ लिपितज्ज्ञाच्या कुतूहलाचा विषय उरला नव्हता.

दरम्यान छापखान्याने बाळबोधीला जवळ केले. शब्दांत जागा आली. स्वल्पविराम, अर्धविराम, पूर्णविराम इंग्रजीतून आले. मराठीत विरामचिन्हे रूढ करण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. शतकभरात कोरी जागा इतकी अंगवळणी पडली, की तीही एक खूण आहे याचाच विसर पडला. संगणकाच्या इतिहासातली एक मोठी डोकेदुखी नेमकी याच विसरातून जन्मली.

संगणकानेही सुरुवात मोजणीपासूनच केली. हर्मन हॉलेरिथने अमेरिकेच्या 1890 च्या जनगणनेसाठी छिद्रांची पत्रे वापरली, आणि 1928 मध्ये आयबीएमचे ऐंशी स्तंभांचे पत्र आले. अमुक स्तंभापासून तमुक स्तंभापर्यंत आडनाव, त्यापुढे वय, असा करार असे. अष्टाक्षरीचाच हा यांत्रिक भाऊ. दोषही उघड होता : नावाला वीस स्तंभ राखले आणि नाव पंचवीस अक्षरांचे निघाले, तर शेपूट छाटावे लागे.

पुढे खुणेचा मार्ग आला, आणि इथे इतिहासात एक मौज आहे. ॲस्की या अक्षरसंकेताच्या 1967 च्या आवृत्तीत केवळ सीमा दाखवण्यासाठी चार स्वतंत्र चिन्हे राखून ठेवलेली होती : एक फाइलींसाठी, एक गटांसाठी, एक नोंदींसाठी, एक नोंदीतल्या घटकांसाठी. मजकुरात ती कधीच येणार नाहीत, म्हणजे गोंधळाला वावच नाही. तरीही ती फारशी कोणी वापरली नाहीत, कारण ती कळफलकावर नव्हती आणि पडद्यावर दिसत नव्हती. माणसांनी स्वल्पविराम, अपूर्णविराम, टॅब आणि कोरी जागा यांनाच पसंती दिली. हाताशी असलेली सदोष खूण हातात नसलेल्या निर्दोष खुणेवर मात करते, हे लेखनाच्या इतिहासात नवे नाही.

बेल लॅब्जमध्ये युनिक्स घडत होते तेव्हा 1971 च्या पहिल्या नियमपुस्तिकेतच वापरकर्त्यांच्या यादीचा नमुना ठरला : एका माणसाची एक ओळ, आणि ओळीतले रकाने अपूर्णविरामाने वेगळे. साधा, डोळ्यांनी वाचता येणारा मजकूर हीच युनिक्सची श्रद्धा. 1977 मध्ये अहो, वाइनबर्गर आणि कर्निघन यांनी ‘ऑक’ ही भाषा मुख्यत्वे अशा ओळी रकान्यांत फोडून त्यांवर काम करण्यासाठीच रचली.

याच काळात शेल प्रौढ झाले. शेल म्हणजे संगणकाला लेखी आज्ञा देण्याचे माध्यम. त्याच आज्ञा क्रमाने लिहून ठेवल्या की स्क्रिप्ट होते. स्टीफन बोर्न यांचे शेल 1979 मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर बाहेर पडले आणि त्यात ‘आयएफएस’ नावाचा एक चल होता. रकाने वेगळे करणारी अक्षरे कोणती, ते या चलात ठेवायचे. काहीच सांगितले नाही तर तीन अक्षरे गृहीत : कोरी जागा, टॅब आणि ओळीचा शेवट.

कल्पना लवचीक होती, पण तिचा अंमल गरजेपेक्षा व्यापक ठेवला गेला. आयएफएसमधली अक्षरे केवळ आलेल्या माहितीला नव्हे, आज्ञेच्या शब्दांनाही फोडीत. कोणाच्या तरी लक्षात आले, की आयएफएसमध्ये तिरपी रेघ ठेवून विशेष अधिकार असलेला कार्यक्रम चालवावा. त्या कार्यक्रमाने शेलमार्फत ‘/बिन/मेल’ ही आज्ञा पुकारली, की तिचे दोन तुकडे होतात : ‘बिन’ ही आज्ञा आणि ‘मेल’ हा तिचा विषय. आता ‘बिन’ नावाचा स्वतःचा कार्यक्रम वाटेत ठेवला, की तो मालकाच्या अधिकारात चालतो. कुलूप न तोडता, पत्त्यातली रेघ कशी वाचायची एवढेच बदलून घरात शिरण्याचा हा प्रकार. पुढच्या शेलांनी बाहेरून आलेले आयएफएस मानणे सोडले आणि विभाजन चलांच्या व इतर विस्तारांच्या फलितापुरते सीमित केले. 1992 च्या पॉझिक्स मानकात हाच नियम आहे.

फोडलेले तुकडे ठेवायचे कुठे, हा पुढचा प्रश्न. बोर्नच्या शेलमध्ये ॲरे, म्हणजे क्रमांक दिलेल्या कप्प्यांची मांडणी, नव्हतीच. स्क्रिप्टला मिळालेल्या शब्दांची जी एकमेव यादी असे, तीच पुनःपुन्हा भरून काम भागवावे लागे. डेव्हिड कॉर्न यांच्या शेलने ॲरे आणले. ब्रायन फॉक्स यांनी 1989 मध्ये बाहेर आणलेल्या बॅशमध्ये ते 1996 च्या दुसऱ्या आवृत्तीत आले, आणि त्याबरोबर ‘रीड’ आज्ञेला एक पर्याय मिळाला : ओळ वाच, आयएफएसनुसार फोड आणि तुकडे थेट ॲरेत ठेव. आयएफएसचे मूल्य त्याच ओळीत ‘रीड’च्या आधी लिहिले, तर ते तेवढ्या एका वाचनापुरतेच बदलते, उरलेल्या स्क्रिप्टला धक्का लागत नाही. जुन्या घावावरची ही फार समंजस पट्टी म्हणावी लागेल.

आता असोद्याकडे परत यावे. समजा एखाद्या यादीत चार रकाने आहेत : आडनाव, नाव, मधले नाव, गाव. ओळ अशी : ‘चौधरी, बहिणाबाई, नथुजी, जळगाव’. लग्नापूर्वीची ओळ लिहिली तर ‘महाजन, बहिणाबाई, उखाजी, असोदा’. मराठी स्त्रीच्या नावात मधला रकाना पित्याकडून पतीकडे जातो आणि कित्येक दप्तरांत तो भरलेलाच नसतो. तो रिकामा असेल तेव्हा काय होते?

खूण स्वल्पविराम असेल, तर दोन स्वल्पविराम लागोपाठ येतात, शेल त्यांच्यामध्ये एक रिकामा कप्पा मानते आणि गाव चौथ्या जागीच राहते. खूण टॅब असेल तर मात्र घात होतो. कोरी जागा, टॅब आणि ओळीचा शेवट या तिघांना शेल वेगळा न्याय लावते : ती कितीही लागोपाठ आली तरी मिळून एकच सीमा धरली जाते. दोन टॅबांमधला रिकामा रकाना नाहीसा होतो, गाव एक घर डावीकडे सरकते, आणि बहिणाबाईंच्या पतीचे नाव ‘जळगाव’ असे नोंदले जाते. कुठेही त्रुटीचा इशारा मिळत नाही. स्क्रिप्ट यशस्वी झाल्याचेच सांगते. हा नियम गद्यासाठी योग्य होता, कारण गद्यात दोन शब्दांत चुकून दोन जागा पडल्या तर मध्ये शब्द हरवला असे कोणी मानीत नाही. तक्त्यात मात्र ‘काही नाही’ हीसुद्धा माहिती असते.

कोरी जागा ही सीमा मानण्यात आणखी एक अडचण आहे. 2018 मध्ये जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचे नाव देण्यात आले. ‘कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ’ ही एका संस्थेची एक नोंद, पण कोऱ्या जागेवर तोडली तर सहा कप्पे भरतात. तिरप्या रेघेचेही तेच. सातबारा हे नावच मुळी गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांच्या जोडणीतून झाले. ‘7/12’मधली रेघ जोडणारी आहे, आणि जमिनीच्या पोटहिश्श्यांच्या क्रमांकांतही ती सर्रास येते. तिलाच सीमा ठरवले तर उताराच दुभंगतो. स्वल्पविरामाने वेगळ्या केलेल्या तक्त्यांत यावर उपाय म्हणून अवतरणचिन्हे आली आणि 2005 मध्ये त्या रीतीचे टिपण आरएफसी 4180 म्हणून निघाले, परंतु शेलचे ‘रीड’ ती अवतरणे ओळखीत नाही. अवतरणांतला स्वल्पविरामही ते निर्विकारपणे तोडते. अशा तक्त्यांसाठी शेल सोडून दुसरी भाषा हाती घेणे हेच शहाणपणाचे.

बारीकसारीक सापळे इतरही आहेत. अवतरणाशिवाय चल उलगडला आणि ओळीत एखादी तारका असली, तर शेल तिच्या जागी त्या निर्देशिकेतल्या सगळ्या फायलींची नावे आणून बसवते. ओळीच्या अखेरीस एकच सुटा स्वल्पविराम असला, तर ‘रीड’ त्याला शेवटची खूण मानते आणि त्यापुढचा रिकामा रकाना धरीत नाही. विंडोजमध्ये तयार झालेल्या फायलीत तर टंकलेखन यंत्राचे भूत वावरते : ओळीच्या शेवटी ‘गाडी मागे घ्या’ सांगणारे एक अदृश्य अक्षर असते, ते शेवटच्या रकान्याला चिकटते आणि दोन ‘जळगाव’ डोळ्यांना सारखे दिसूनही तुलनेत वेगळे निघतात.

मग पाटणच्या शिलालेखातला दंड ही खूण का वापरू नये? मराठी गद्यातून तो जवळजवळ गेलेला आहे, नावांत-गावांत तर येतच नाही. सीमाचिन्ह म्हणून त्याहून योग्य उमेदवार सापडणे कठीण. इथे अक्षरसंकेत आडवा येतो. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी 1992 मध्ये रचलेल्या यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचे प्रत्येक अक्षर तीन बाइट्सचे असते, आणि साधा स्वल्पविराम एकाच बाइटचा. तो बाइट मराठी अक्षराच्या पोटात कधीच येत नाही, म्हणून स्वल्पविरामावर मराठी ओळ तोडणे जुन्या साधनांनाही निर्धोक जमते. दंड मात्र स्वतः तीन बाइट्सचा आहे आणि त्यातला पहिला बाइट क, ख, ग यांसह देवनागरीच्या प्रत्येक अक्षराचाही पहिला बाइट आहे. शेलला भाषेची मांडणी यूटीएफ-8 आहे हे माहीत असेल, तर बॅश दंडाला एक अक्षर मानते आणि ओळ बरोबर तुटते. ते माहीत नसेल, तर दंडाचे तिन्ही बाइट्स सुट्या सीमा ठरतात आणि एकूण एक अक्षराच्या चिंध्या होतात. पडद्यासमोर बसून चालवलेली स्क्रिप्ट त्यामुळे नीट चालते. तीच रात्री आपोआप चालण्यासाठी क्रॉनच्या स्वाधीन केली, आणि तिथे भाषेची मांडणी सांगायची राहून गेली, की सकाळी असोद्याच्या यादीत एकही नाव वाचता येत नाही.